स्वारीनं लावलेले दिवे

सोफ्याचा पाय, फ्रिजचा कोपरा, शिवणाच्या मशीनची पेटी, लेकीची कॉलेजची बॅग आणि एका शनिवारी सकाळी चक्क देवघरातल्या चौरंगाचा पाय. मी न्हाऊन ओल्या केसांनी पूजेला बसले, हात जोडले, डोळे मिटले आणि नाकात तो वास शिरला. देवासमोर माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

"अगं, मुकं जनावर ते," बाबा दिवाणावरून म्हणाले. "त्याला काय कळतं देव कुठला आणि सोफा कुठला."

बाबा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि आजही सकाळी आठला दाढी करून, पांढऱ्याशुभ्र पायजम्याला कडक इस्त्री करून बसतात, जणू साहेब बोलावणारच आहे. पौषात माझी आई गेली. त्यानंतर तीन महिने ते ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याच्या घरी एकटे राहिले. एकटे म्हणजे ते आणि कुत्रा. चैत्रात ते जिन्यावरून घसरले, हाड मोडलं नाही हे नशीब, आणि मी भांडून, रडून त्यांना शहराच्या दुसऱ्या भागात, लश्करला, आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला. त्यांची एकच अट होती, "स्वारीही येणार."

स्वारी म्हणजे तो कुत्रा. तांबूस रंगाचा, देशी, सहा वर्षांचा, एक कान उभा आणि एक पडलेला. त्याला नाव आहे, पण बाबांनी ते कधी घेतलं नाही. आईनं नळावर पाणी भरताना त्याला उचलून आणला तेव्हापासून बाबा त्याला स्वारीच म्हणत. "स्वारी जेवली का?" "स्वारीचा मूड नाही आज." मला लहानपणी पाढे चुकल्यावर कान पिळणारा हा माणूस कुत्र्याशी इतक्या अदबीनं बोलायचा की मला कधीकधी मत्सरच वाटायचा. खोटं कशाला बोलू?

मी शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षं झाली. मला उत्तर न निघणारी गोष्ट सहन होत नाही, आणि त्या उन्हाळ्यापासून माझ्या घरात रोज एक असं गणित पडायला लागलं. हजीऱ्याला सहा वर्षांत ज्यानं घरात एक थेंब सांडला नाही, तो इथे आल्यावर असा का वागतोय? बाहेर नेत नाही म्हणावं तर लेक सकाळ-संध्याकाळ नेते. आजारी म्हणावं तर पोळ्या हाणतोय. मुद्दाम करतो म्हणावं तर केल्यावर माझ्याकडेच शेपूट हलवत येतो. माझं डोकं भणभणून जायचं.

आणि त्याची तऱ्हाही एक नव्हती. कधी खुर्चीच्या पायावर चार थेंब, तेही वास आल्याशिवाय कळायचे नाहीत. तर कधी पॅसेजमध्ये, बाथरूमकडे जाताना, सपाट फरशीवर हे एवढं थारोळं. ते थारोळं मात्र बाबांनाच आधी दिसायचं. मी शाळेतून आले, चपला काढल्या, की दिवाणावरून आवाज यायचा, "जपून ये गं. स्वारीनं दिवे लावलेत."

त्या शनिवारी चौरंग पाहिल्यावर माझा तोल सुटला. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस कडक सोवळं, जेवणाच्या दिवशी पंचवीस-तीस पानं, ग्वाल्हेरभरचे नातेवाईक. ज्या चौरंगावर महालक्ष्म्या बसायच्या त्यावर कुत्रा पाय वर करतो म्हणजे काय? मी भर घरात जाहीर केलं, "महालक्ष्म्यांच्या आत हा सुधारला तर ठीक. नाहीतर मुरारला दादाकडे जाईल." मुरारचा हा दादा म्हणजे माझा मावसभाऊ, त्याच्याकडे मोठं अंगण आहे, दोन कुत्री आहेत, तो हसत ठेवून घेणार होता.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं," ते म्हणाले. "मग माझीही पिशवी भरून ठेव. आम्ही दोघं हजीऱ्याला जाऊ."

"एकटे राहणार तिकडे? परत पडलात तर?"

"एकटा कुठे? स्वारी आहे ना."

झालं! कुत्रा गेला की वडील गेले. आणि वडील त्या जिन्याच्या घरात परत एकटे राहिले की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणजे माझ्या हातात दीड महिना होता, आणि सगळं येऊन अडलं होतं एका कुत्र्याच्या तंगडीवर. कप्पाळ माझं!

मी हरणाऱ्यातली नाही. वास आला की आधी फिनाइल, मग परत फिनाइल, आणि वर गोमूत्र. आमच्या घरात ही रीतच आहे. काही विटाळलं, शिवाशिव झाली, बाहेरचं काही आलं की चार थेंब गोमूत्र शिंपडायचं. आई तेच करायची, तिची आईही तेच करायची. बाजारातून मी मोठी बाटलीच आणून ठेवली आणि कुत्र्यानं जिथे जिथे घाण केली तिथे तिथे सढळ हातानं शिंपडलं. घराला गोठ्याचा वास यायला लागला. नवरा म्हणाला, "आता एक म्हैस बांध. दूधही घरचं होईल."

शेजारच्या भाभींनी सांगितलं, निळीच्या पाण्याची बाटली ठेवा, कुत्रं फिरकत नाही. अर्ध्या लश्करच्या उंबऱ्यावर अशा निळ्या बाटल्या उभ्या असतात, मीही मोठ्या विश्वासानं सोफ्याजवळ एक ठेवली. संध्याकाळी बघते तर स्वारीनं बाटलीलाच अभिषेक केलेला. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला हसू येत नव्हतं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे मी ऐकून होते, पण बाकीच्या कुत्र्याबद्दल म्हण कुणी केली नव्हती.

मग मी एक वाईट गोष्ट केली. पॅसेजमध्ये परत थारोळं होतं, माझा पाय त्यात पडला, पायमोजा भिजला, शाळेला उशीर होत होता. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, स्वारीला ओढत तिथे नेलं, नाक खाली दाबलं आणि चार सडकून दिल्या. तो ओरडला नाही. मानसुद्धा सोडवून घेतली नाही. मी सोडल्यावर तो जाऊन बाबांच्या पावलांवर डोकं ठेवून पडला. बाबा त्याच्या पडलेल्या कानाशी खेळत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच डॉक्टर शोधला. आमच्या लेकीची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीच्या टेम्पोत चढते. "आई, तू उसे मार मत ना. त्याचं काही कारण असेल. एकदा दाखवून तो देखते हैं."

जनावरांचा डॉक्टर तरुण होता, शांत होता, आणि मी बोलत असताना हसला नाही एवढ्यावरच मला तो आवडला. त्यानं स्वारीचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला घेतली. मग मला समजावलं, हिंदीत, पण मी माझ्या भाषेत सांगते. कुत्र्याची लघवी दोन प्रकारची असते. एक मूत्राशय रिकामं करायची. दुसरी खूण करायची. खूण नेहमी थोडी असते, उभ्या वस्तूवर असते, पाय वर करून केलेली असते. नवीन घर, नवीन वास, खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांचा वास आपल्या चपलांना लागून घरात येतो, घरातलं माणूस गेलेलं. अशा वेळी तो घाबरतो, आणि आपला वास लावून ठेवला की त्याला जरा बरं वाटतं. राग नसतो, खोडी नसते. आणि तासाभरानं मारलं तर कशासाठी मारलं हे त्याला कळत नाही, फक्त तुमची भीती बसते. मग आणखी खुणा करतो.

मी पायमोज्याचा प्रसंग सांगितला नाही. मान खाली घालून ऐकलं.

"पुसता कशानं?" त्यानं विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं. फिनाइल, आणि वर गोमूत्र.

त्यानं पेन खाली ठेवलं. मग फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, ये तो आप ख़ुद उसको न्योता दे रही हैं." फिनाइलनं वास आपल्या नाकाला जातो, त्याच्या नाकाला नाही. आणि गोमूत्र म्हणजे शेवटी एका जनावराचं मूत्र. म्हणजे रोज घरात एक अनोळखी गाय येऊन फ्रिजजवळ, सोफ्याजवळ, देवाजवळ आपली खूण करून जाते, आणि या बिचाऱ्याला रोज आपली हद्द परत आखावी लागते.

अगं बाई! इतके दिवस मी माझ्या हातानं घरभर गाय फिरवत होते. लेक तोंडावर ओढणी धरून हसत होती. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर उत्तर मिळाल्याचा आनंदही झाला. गणित सुटलं होतं.

"आणि ते मोठं थारोळं?" मी विचारलं. "सपाट फरशीवरचं?"

डॉक्टरनं भुवया वर केल्या. थारोळं म्हणजे खूण नव्हे, तो म्हणाला. ते आजारानं होतं, किंवा म्हातारपणी धरवत नाही म्हणून होतं. हा तर तरणाबांड आहे, लघवीही स्वच्छ आली. त्याला कळेना. त्यानं सांगितलं की काही दिवस नोंद ठेवा, कुठे होतं, किती होतं, उभ्यावर की सपाटीवर. गोमूत्र बंद, फिनाइल बंद, त्यानं दिलेल्या औषधी पाण्यानं पुसा. दिवसातून चारदा बाहेर न्या. जिथे खूण करतो तिथेच त्याची जेवणाची ताटली ठेवा, जेवतो तिथे तो घाण करत नाही. आणि नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, पुष्कळ फरक पडेल.

घरी येऊन ऑपरेशनचं सांगितलं तर बाबा म्हणाले, "या वयात? अजून स्थळंसुद्धा पाहिली नाहीत त्याची."

मास्तरणीच्या घरात खडूची काय कमी? मी दोन रंग घेतले. उभ्या वस्तूवर थेंब दिसले की त्याच्या पायाशी पांढरं वर्तुळ, फरशीवर थारोळं दिसलं की पुसून लाल वर्तुळ. बाबा माझ्या खुणा बघत बसायचे. "काय गं, भूमिती काढतेस?" म्हणायचे. मी म्हणायचे, "हो, स्वारीची."

पंधरा दिवसांत पांढरी वर्तुळं कमी झाली. सोफा सुटला, फ्रिज सुटला, चौरंगापाशी ताटली ठेवली तर तिथे स्वारी नुसतीच पुढच्या नैवेद्याची वाट बघत बसायला लागली. पण लाल काही थांबेना. दोन दिवसांआड एक, कधी लागोपाठ दोन. आणि जी काही पांढरी उरली होती ती सगळी त्या लालच्या आसपास. पॅसेजमधल्या कपाटाचा पाय, बाथरूमच्या दाराची चौकट. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, असं तो दुसऱ्या कुणाच्या खुणेवर खूण करायची असते तेव्हा करतो. घरात दुसरं जनावर आहे का?

"नाही हो," मी म्हटलं. "आम्हीच आहोत."

फोन ठेवला आणि परत गोंधळले. जे उत्तर काढावं त्यात काहीतरी शिल्लक राहतच होतं. वर्गातल्या मुलींना मी सांगते, उत्तर जुळत नसेल तर रीत तपासा, पहिल्या ओळीपासून. स्वतःच्या घरात मी पहिली ओळ तपासली नाही. पहिली ओळ होती, "कुत्र्यानं केलं."

आणखीही एक गोष्ट मी बघून न बघितल्यासारखी केली होती. बाबा हल्ली आपला पायजमा स्वतः धूत. मशीन असताना, दुपारी, बादलीत. मी रागावले तर म्हणाले, "मी काही अजून म्हातारा झालो नाही." मला वाटलं, आई गेल्यापासून माणूस स्वावलंबी झाला. मी नवऱ्याला त्यांचं उदाहरणसुद्धा दिलं. "बघ जरा, शीक काहीतरी!"

महालक्ष्म्यांना नऊ दिवस होते तेव्हा ऑपरेशन ठरलं. बाबा हट्टानं ऑटोत बसून बरोबर आले. स्वारीला टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "घाबरू नका. उद्या संध्याकाळी न्यायला येतो." आमचा दुसरा मजला, जिना, म्हणून डॉक्टरनं एक रात्र तिथेच ठेवून घेतला. येताना बाबांच्या हातात त्याचा पट्टा होता. घरी येऊन त्यांनी तो दाराजवळच्या खिळ्याला टांगला आणि त्याच्याकडे तोंड करून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली. दुपारचे दोन वाजले असतील. नवरा बँकेत, लेक कॉलेजात. मी माझ्या किल्लीनं दार उघडलं, चपला काढल्या. बाबा दिवाणावर नव्हते. ते पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभे होते. धुतलेला, इस्त्रीचा पायजमा, नाडी नीट बांधता आली नव्हती. बाथरूममध्ये बादलीत काहीतरी भिजत घातलेलं. आणि त्यांच्या पावलांपुढे, फरशीवर, थारोळं.

"जपून ये गं," बाबा म्हणाले. "स्वारीनं परत दिवे लावले."

दाराजवळच्या खिळ्याला पट्टा लटकत होता.

मी तोंड उघडलं. अहो बाबा, स्वारी कुठाय घरात, हे वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा. माझी जीभ तशी कुणासाठी थांबत नाही. पण त्यांच्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं, आणि मला माझीच लाल वर्तुळं दिसली. तीन आठवड्यांची, पुसट झालेली. दिवाणापासून निघून, एकामागून एक, सरळ रेषेत, बाथरूमच्या दारापर्यंत गेलेली. शेवटचं दारापासून दीड हातावर. सव्वीस वर्षं मी फळ्यावर बिंदू जोडायला शिकवते आहे!

बाबा माझ्याकडे बघत होते. की माझ्या मागच्या त्या पट्ट्याकडे, ते मला सांगता येणार नाही. त्यांना आठवत नव्हतं का की कुत्रा दवाखान्यात आहे? सवयीनं तोंडातून निघून गेलं का? की सगळं माहीत असून ते माझी परीक्षा बघत होते, की विनवत होते? मी आजपर्यंत त्यावर विचार करते. आमच्या गणितात असं चालत नाही, पण हे एक मी सोडवायचं नाही असं ठरवलं आहे.

"हो ना," मी म्हटलं. "काय करावं या कुत्र्याला! तुम्ही बसा बाबा, मी पुसते."

ते भिंतीला धरत धरत गेले. मी गुडघे टेकून पुसलं. फरशीबरोबर ती वर्तुळंही पुसली, एकेक करून, दिवाणापर्यंत. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मनात आलं आणि चोर हा शब्द मनात आल्याची इतकी शरम वाटली की मी फडकं तोंडात कोंबून रडले असते, फडकं तसलं नसतं तर. त्या गुंडाळीच्या चार फटक्यांचा आवाज मला ऐकू येत होता. स्वारीला ते लागले होते आणि बाबांनी ते बघितले होते. आणि ते त्या दिवशी जेवले नव्हते.

संध्याकाळी मी नवऱ्याला ओट्याशी उभं करून सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करणारा माणूस, तो कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिला. मग म्हणाला, "त्यांना विचारायचं?"

"काय विचारायचं? आणि कुठल्या तोंडानं?"

विचारलं नाही. महालक्ष्म्यांच्या आधी आम्ही "सगळ्यांचंच एकदा चेकअप" काढलं. मी रक्त दिलं, नवऱ्यानं दिलं, सुईला घाबरणाऱ्या लेकीनंही दिलं, आणि त्यात बाबांचंही होऊन गेलं. प्रोस्टेटचं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. दिवाण आम्ही पॅसेजच्या तोंडाशी सरकवला. कारण काय, तर तिकडे पंख्याचं वारं चांगलं लागतं. बाबा म्हणाले, "लागतं खरं." मुरारच्या दादाला फोन करून सांगितलं, कुत्रा कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, सुधारला का? मी म्हटलं, त्याला सुधारण्यासारखं काही नव्हतंच.

स्वारी मात्र गळ्यात ते प्लॅस्टिकचं मोठं फनेल घालून सगळ्या भिंतींना धडकत फिरत होता. मी त्याला पहिल्यांदा हातानं भात भरवला. तो खाता खाता थांबून माझ्या हाताकडे बघायचा, वर्तमानपत्र तर नाही ना. मला बघवत नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अठ्ठावीस पानं झाली. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घर माणसांनी भरलेलं. स्वारीला सकाळपासून गॅलरीत बांधलं होतं. मधलं दार जाळीचं, त्यामुळे तो आणि त्याचं फनेल सगळ्यांना दिसत होतं, येणारा प्रत्येक जण त्याला बघून हसत होता. बाबांना मी खुर्ची-टेबलावर बसवलं होतं, नवं धोतर, कपाळाला गंध. शेजारी त्यांची चुलतबहीण, म्हणजे माझी आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, सोवळ्याच्या बाबतीत आजही कलेक्टर. बाबा खुशीत होते. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, आग्रह करकरून मठ्ठा प्यायले, आत्याला लहानपणच्या गोष्टी सांगत बसले. उठायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा उशीर झाला होता.

ते खुर्चीवरून उठले आणि तसेच उभे राहिले. फरशीवर ओघळ आला.

"हे काय ओलं?" आत्या म्हणाली. तिचा आवाज आधीच मोठा. तिनं पाय वर घेतले. "अगं बाई, काय सांडलं इथे? वास कसला येतोय?"

सगळी पंगत गप्प झाली. वाढणाऱ्यांचे हात थांबले. बाबा खुर्चीची पाठ धरून खाली बघत होते, आणि त्यांची मान मी अशी कधी पाहिली नव्हती. मी पोळ्यांची परात घेऊन दारात उभी होते. तोंडातून आपोआप निघालं.

"कुठलं काय, आत्या! आमच्या स्वारीनं दिवे लावले, दुसरं कोण!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग जाळीच्या दाराकडे बघितलं. पलीकडे स्वारी साखळीला बांधलेला, फनेलमधून तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. पंगतीतली सगळी डोकी तिकडे वळली आणि परत आपापल्या पानाकडे आली.

"फार बिघडलाय हल्ली," नवरा मोठ्यांदा म्हणाला आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना आत घेऊन निघाला.

"गंदा बच्चा!" लेक जाळीकडे बोट दाखवून ओरडली. तिचे डोळे भरले होते. स्वारीनं शेपूट हलवलं.

आत्या उठली नाही. तिनं वर घेतलेले पाय हळूच खाली ठेवले. "असतात मेली जनावरं अशीच," ती म्हणाली. "जा, पूस. आणि मला थोडी कोशिंबीर वाढा कुणीतरी."

मी परात ठेवली आणि नेसत्या सोवळ्यानं खाली बसून पुसलं. सोवळं मोडलं तर मोडलं. गोमूत्राची बाटली कपाटावर होती, तिच्याकडे मी बघितलंही नाही. पॅसेजच्या तोंडाशी बाबा थांबले होते, नवऱ्याच्या हाताला धरून. ते मागे वळले.

"अगं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण पंगत एवढी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेला. "रागावू नकोस हं त्याला. त्याच्या हातात नसतं ते."

"नाही हो बाबा," मी म्हटलं. "कध्धी नाही रागावणार."